उतरत्या बॅटरीतला आवाज

माझ्या लहानपणी आमच्या घरात कुणाला बोलवायला कुणी उठून जायचं नाही. नाना ओट्यावर बसल्या जागेवरून हाक मारायचे. मी गल्लीच्या टोकाला खेळत असले तरी 'जेवायला चल' एवढं ऐकू यायचं आणि माझ्याबरोबर शेजारची दोन-तीन पोरंही घाबरून आपापल्या घरी पळायची. आई म्हणायची, "अहो, पोरीला बोलवा, तालुक्याला नको."

नाना म्हणजे माझे वडील. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या मार्केटात ते लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असायच्या. नाना पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागे, असे सगळे एकेका ट्रॉलीपाशी थांबत जायचे. नाना ढिगातला कांदा हातावर घेऊन दाखवायचे आणि बोली सुरू व्हायची. व्यापारी काही ओरडत नाहीत. कुणी बोट हलवतो, कुणी नुसती भुवई उडवतो. ते टिपून मोठ्याने पुकारायचं काम नानांचं. शेवटची बोली तीनदा पुकारायची आणि पुढच्या ट्रॉलीकडे सरकायचं. रांगेतल्या एकाही ट्रॅक्टरचं इंजिन बंद नसायचं, कारण रांग सारखी पुढे सरकत असायची आणि जुनी इंजिनं एकदा बंद पडली की धक्का मारल्याशिवाय चालू होत नसत. त्या सगळ्या धडधडीच्या वर नानांचा आवाज असायचा. ज्याचा माल आहे त्याला तो मागच्या टोकाला उभा असला तरी आपला भाव कानाने ऐकू गेला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

मी नाशिकला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, इलेक्ट्रॉनिक्सला. रोज एस.टी.ने जा-ये करायचे. त्या पावसाळ्यात नानांचा घसा बसला तो उठेचना. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, शेवटी नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांनी स्वरतंतूवरची गाठ काढली. गाठ साधी निघाली. आईने तिथेच दवाखान्यात हात जोडले. पण डॉक्टर म्हणाले, "आता ओरडायचं नाही. महिनाभर नाही असं नाही, कधीच नाही."

नानांनी मान डोलावली. त्यांना बोलायचीच बंदी होती तेव्हा, त्यामुळे त्यांना ते पटलं की नाही हे आम्हाला कळलं नाही.

बंदी उठल्यावर जो आवाज आला तो दोन हातांपलीकडे जाईना. घोगरा, मध्येच तुटणारा. मार्केटातली माणसं चांगली होती. त्यांनी सांगितलं, लाल कांद्याची आवक जोरात सुरू होईपर्यंत वाट बघू. पुकारता आलं तर तुमची रांग तुमचीच, नाही जमलं तर गेटवर खुर्ची आहे, बसून पावत्या द्यायच्या. पगार तोच. लोक आईला येऊन म्हणाले, बरं झालं, उन्हातान्हातलं काम सुटेल. नानांनी ते ऐकलं आणि घरात बोलणंच सोडलं. पाणी हवं असेल तर उठून घ्यायचे, नको असेल तर हात हलवायचे. ते चिडले असते तर मला चाललं असतं. चिडायची सवय आमच्या घरात सगळ्यांना होती, माझ्या तर नाकाच्या शेंड्यावर राग. पण त्या गप्प बसण्याने मला भीती वाटायला लागली. गेटवरच्या त्या खुर्चीत ते बसले की पुन्हा कधी बोलणार नाहीत, असं मी मनात पक्कं धरलं होतं.

म्हणून मी ठरवलं की यांना आवाज करून द्यायचा. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, मला कोण अडवणार!

हातात धरायचा तयार भोंगा आधी आणून पाहिला होता. तो नानांनी पहिल्याच दिवशी परत केला. एक हात भोंग्यात अडकला तर कांदा कोणत्या हाताने दाखवायचा आणि बोट कुणाकडे करायचं? ते बरोबर होतं. मग मी एक पेटी बनवली. खांद्याला पट्टा, आत इमर्जन्सी दिव्यात असते तसली सीलबंद बॅटरी, कारच्या टेपमध्ये वापरतात तसला अँप्लिफायर, पेटीच्या तोंडाला छोटा भोंगा आणि कॉलरला लावायचा माइक. घरात चालू केली तेव्हा आईने कानावर हात ठेवले. नाना मात्र खुलले. त्यांनी माइकमध्ये हळूच खाकरून पाहिलं आणि छपरावरची कबुतरं उडाली.

मार्केटात पहिला तासभर झकास गेला. नंतर आवाज फाटायला लागला. आधी नुसती कडा खरखरीत झाली, मग शब्दांचे तुकडे पडायला लागले, आणि दुपारपर्यंत पत्र्यावर खडे टाकल्यासारखं काहीतरी येऊ लागलं. एक व्यापारी म्हणाला, "नाना, पेटीत बेडूक ठेवलाय का?" सगळे हसले. नानांनी काय केलं असेल? आवाजाचं बटन पूर्ण फिरवलं. आवाज आणखी फाटला.

यात त्यांची एकट्याची चूक नव्हती. आमच्या अख्ख्या भागाला हे एकच औषध माहीत आहे. ऐकू येत नाही, बटन फिरव. टीव्ही नीट दिसत नाही, वरून चापट मार. विहिरीवर व्होल्टेज पडलं की मोटार बंद ठेवावी, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि तरी पाणी कमी येतंय म्हणून लोक ती रेटून चालवतात. मग जळलेली मोटार घेऊन रिवाइंडिंगवाल्याच्या दारात रांग लावतात आणि तिथे उभे राहून वीज मंडळाला शिव्या देतात. शक्ती कमी पडली की आपण जोर वाढवतो. मीही तेच केलं. बॅटरी कमी पडते ना, मग मोठी घाला! मोटारसायकलची बॅटरी आणून पेटीत बसवली. पेटी एवढी जड झाली की नाना एका बाजूला कलून चालायला लागले. दोन दिवसांनी ॲसिड सांडून त्यांच्या पांढऱ्या लेंग्याला भोक पडलं. आगीतून फुफाट्यात. आई लेंगा माझ्यापुढे धरून म्हणाली, "आवाज यायचा तवा येईल, आधी बापाच्या अंगावर कापडं तरी राहू दे."

आणि मोठी बॅटरी तरी भरायची कुठून? ते दिवस लोडशेडिंगचे. वीज कधी येईल आणि कधी जाईल ते नुसतं बोर्डावर लिहिलेलं. बॅटरी चार्जिंगला लावावी आणि दिवे जावेत. सकाळी नाना पेटी उचलून मार्केटला निघायचे तेव्हा ती भरली आहे की अर्धीच आहे, हे कुणालाच ठाऊक नसायचं.

शेवटी पहिलीच छोटी बॅटरी परत बसवली आणि पेटी घेऊन कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र होतं, त्याला आम्ही सीआरओ म्हणायचो. अर्धी उतरलेली बॅटरी लावली, माइकमध्ये मोठ्याने 'एक दोन तीन' केलं आणि पडद्यावर पाहिलं. लाटांची डोकी सपाट कापलेली. आमच्या प्रोजेक्टच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. बाई मोजकं बोलायच्या. म्हणाल्या, "अँप्लिफायर बॅटरीच्या उंचीपर्यंतच लाट उभी करू शकतो. बॅटरी उतरली की छत खाली आलं. तू माणसाला तसाच ताठ चालवतेस, मग डोकं आपटणारच."

मी म्हटलं, "छत वर कसं ठेवायचं मॅडम?"

"नाही ठेवता येणार. बॅटरी आहे, ती उतरणारच. उतरल्यावर काय करायचं, ते ठरव."

मला तेव्हा त्यांचा रागच आला. मी उत्तर मागितलं आणि यांनी माझाच प्रश्न बदलून दिला. पण एस.टी.त बसून वाटेतलं ओझर येईपर्यंत राग उतरला आणि डोकं चालायला लागलं. आमच्या घराचं मागचं दार ठेंगणं आहे. पाहुणा त्यात हमखास कपाळ फोडून घेतो आणि घरचं माणूस न बघता वाकतं. पेटीला असंच वाकायला शिकवायचं होतं. बॅटरीवर सतत नजर ठेवणारा एक छोटा भाग हवा होता. व्होल्टेज जेवढं खाली येईल तेवढा आवाज त्याने आपणहून खाली घ्यायचा, फाटायच्या आधी.

सांगायला सोपं आहे. करायला लागले तेव्हा कधी आवाज एकदम अर्धा व्हायचा, कधी जोराचा शब्द आला की बॅटरी क्षणभर दबायची, आवाज खाली जायचा, बॅटरी सावरायची, आवाज वर यायचा, आणि सगळं बोलणं पाळण्यात बसल्यासारखं झुलायचं. वर्गातल्या पोरांना माझ्या प्रोजेक्टला हसायला निमित्तच मिळालं. माझ्या बोटांवर सोल्डरिंगचे चटके आणि तोंडात शिव्या. पण दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस पडद्यावर ती लाट शहाण्यासारखी वागली. मी बॅटरीची पातळी कमी करत गेले आणि लाट लहान होत गेली, पण तिचं डोकं गोलच राहिलं. मला नाचावंसं वाटलं. मॅडम नुसत्या "हं" म्हणाल्या. त्यांच्याकडून तेवढं मिळणं म्हणजे हारतुरेच होते.

नानांना घरी दाखवलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते. मी उतरलेली बॅटरी लावली आणि अभिमानाने सांगितलं, "बघा, आता फाटत नाही. बॅटरी उतरली की आवाज आपोआप कमी होतो."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी सडका कांदा चांगला म्हणून विकायला आणलाय.

"कमी होतो?" त्यांचा तो घोगरा आवाज. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते. "अगं, कमी आवाज तर माझा फुकटचाच हाय. त्याला पेटी कशाला?"

"नाना, फाटलेला आवाज मोठा असून उपयोग काय? शब्दच कळत नाही."

"लिलाव म्हंजी आवाज, बाई. कमी आवाजात सोयरीक जमती, लिलाव नाय."

"आणि फाटक्या आवाजात दोन्ही मोडतं!" मी म्हणाले, आणि पेटी तिथेच टाकून आत गेले. आई चुलीपाशी हसत होती. तिला विचारलं, हसतेस काय? ती म्हणाली, "इतक्या दिसांनी घरात भांडण झालं. ऐकायला बरं वाटलं."

लाल कांद्याची आवक वाढली आणि मार्केटवाल्यांनी दिलेली मुदत भरत आली. दुसरी पेटी नव्हती, दुसरा उपायही नव्हता. नानांनी मुकाट्याने तीच खांद्याला अडकवली. मी कॉलेजला दांडी मारून बरोबर गेले. आदल्या रात्री वीज आली होती ती नावाला, त्यामुळे बॅटरी अर्धीच भरलेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे त्या दिवशी ट्रॅक्टरांची रांग गेटच्या बाहेर हायवेपर्यंत गेली होती.

सुरुवात छान झाली. पहिल्या काही ट्रॉल्यांपर्यंत आवाज खणखणीत होता. मग तो उतरायला लागला. फाटला अजिबात नाही, नुसता हळूहळू खाली गेला. मी व्यापाऱ्यांच्या मागे उभी होते आणि इंजिनांची धडधड त्याच्यावर चढताना मला ऐकू येत होती. नानांचा हात बटनाकडे गेला. त्यांनी ते पूर्ण फिरवलं. काही फरक पडला नाही, कारण पेटी आता वाकून चालत होती आणि बटनाचं ऐकायला तयार नव्हती. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. गेटवरची खुर्ची होती. मला वाटलं, मीच यांना तिथे बसवलं.

नानांनी नेहमीसारखा कांदा उचलला आणि बोली पुकारली, तेवढ्याच कमी आवाजात.

मागचा एक व्यापारी म्हणाला, "काय म्हनले?" त्याच्या पुढचा म्हणाला, "मंग पुढं सरक ना, तिथून काय ऐकू येतंय." तो सरकला. त्याला पाहून दुसरा सरकला. एरवी पांगून उभा राहणारा, मोबाइलवर बोलणारा, तंबाखू मळणारा सगळा घोळका नानांच्या अंगावर आला. तेवढ्यात ज्याची ट्रॉली होती तो शेतकरी ट्रॅक्टरवरून वाकून बघायला लागला. दिंडोरीकडचा कुणीतरी माणूस होता, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. वर्षभराच्या मालाची बोली चाललेली आणि स्वतःच्याच इंजिनात त्याला ती ऐकू येईना. त्याने इंजिन बंद केलं. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "ए, बंद काय करतो? चालू व्हायचं नाय मंग!" तो म्हणाला, "नाय झालं तर ढकला. माझा भाव मला ऐकू दे."

बोली झाली, तीनदा पुकारून झाली. पुढच्या ट्रॉलीपाशी गेलो तर तो ओरडणाराच आता इंजिनाची चावी फिरवत होता. त्यालाही आपला भाव ऐकायचा होता. मग प्रत्येकाचं तेच. ज्याची पाळी, त्याचं इंजिन बंद. दोघा-तिघांचे ट्रॅक्टर खरंच चालू झाले नाहीत. ते व्यापाऱ्यांनी, हमालांनी धक्के मारून पुढे नेले, कुरकुरत आणि हसत. आवाज दिवसभर उतरत गेला आणि माणसं जवळ येत गेली. शेवटच्या ट्रॉलीपर्यंत एकही शब्द फाटला नाही आणि त्या पहिल्या 'काय म्हनले?'नंतर एकही बोली परत विचारावी लागली नाही.

संध्याकाळी मार्केटचे एक साहेब येऊन नानांना म्हणाले, "रांग तुमचीच. पण ते इंजिन बंद करायचं सगळ्यांना सांगून टाकू, बरं पडतंय." नानांनी पेटीवरची धूळ उपरण्याने पुसली, आणि मला ते पाहून रडू आलं. मी सरळ रडले. लाजले वगैरे नाही.

इथे हे संपायला हवं होतं. पण मला एक गोष्ट टोचत होती. आवाज फाटत नव्हता, तरी त्यात कुठेतरी एक खरखर होती. भरलेल्या बॅटरीवरही होती. नानांनाही ती कळली होती. घरी येताना ते म्हणाले, "लय भारी झालं पोरी. फक्त ते थोडं फाटतंय अजून, तेवढं काढ." मी म्हटलं, काढते, किती वेळ लागतोय. दुसऱ्या दिवशी अमावास्येमुळे मार्केट बंद होतं, म्हणून सकाळीच त्यांचं बोलणं कॅसेटवर घेतलं आणि कॉलेजात जाऊन पेटीतून वाजवलं. पडद्यावरची लाट स्वच्छ होती. बॅटरी उतरवली, तरी स्वच्छ. भोंगा बदलला, वायरी बदलल्या, माइक बदलला. खरखर तशीच. मग मी पेटी बाजूला काढली आणि कॅसेट नुसती टेपरेकॉर्डरवर ऐकली. खरखर तिथेच होती. पेटीचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

एक फिल्टर लावून ती खरखर बरीचशी कापता आली असती. लावूनही पाहिला. आवाज गुळगुळीत झाला, एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारतात तसा. कुणाचाही असू शकेल असा. मी तो काढून टाकला. घरी जाऊन काय सांगायचं, ते मात्र मला पिंपळगाव येईपर्यंत सुचलं नाही.

नाना ओट्यावर वाट पाहत बसले होते. आई शेजारी लसूण सोलत होती. मी पेटी खाली ठेवली तसा त्यांनी माइक कॉलरला लावला, पेटी चालू केली आणि भुवया उडवून विचारलं, निघालं का? व्यापाऱ्यांकडूनच ते शिकले असावेत.

"नाना," मी म्हटलं, "पेटी साफ आहे. त्यात काही फाटत नाही."

"मंग ते काय वाजतंय?"

"ते तुमचं आहे."

आईचा हात थांबला. नानांनी आपला तळवा गळ्यावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "माझं?" पुन्हा म्हणाले, "माझं." शब्द ऐकण्यापेक्षा ते हाताला काय लागतंय ते बघत होते.

"म्हंजी आता असाच?"

"असाच," मी म्हणाले. मी खोटं बोलले नाही.

बराच वेळ ते गळ्यावरचा हात काढेनात. मला वाटलं, आता हे उठून आत जातील आणि पुन्हा गप्प होतील. त्यांनी हात काढला, कॉलरचा माइक काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मंग बंद कर ती पेटी. घरात कशाला बॅटरी उतरवती?" आणि त्याच घोगऱ्या आवाजात, काही न लावता, ते आईला सांगायला लागले, की काल तो दिंडोरीवाला आला होता ना, त्याच्या ट्रॉलीत वरचा माल कसा एकसारखा होता आणि हात खाली घातल्यावर कशी कमी भावाच्या जोडकांद्याची रास लागली, आणि तरी घेणारा शेठ कसा बोलीतून हटेना. नीट ऐकू यावं म्हणून आई लसणाची ताटली घेऊन जवळ सरकली. मीही सरकले. ऑपरेशन झाल्यापासून नानांनी आम्हाला सांगितलेली ती पहिली लांबलचक गोष्ट होती, आणि ती निव्वळ कांद्याची होती.